पाठपिशवीस खोळ हवी काय ?

जून महिना लागला, परसांतील आंब्याच्या कोयींस कोंब फुटूं लागले, कीं आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांत डोंगरावर जाण्याच्या गोष्टी सुरू होतात. सह्याद्रीच्या इतक्या जवळ राहणाऱ्या मुलांस हें साहजिकच आहे. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं नववीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस व्हरांड्यांत गांठून विचारलें, "सर, नवी सॅक घेतली आहे. तिला रेनकव्हर घेऊं कीं नको ? बाबा म्हणतात, दुकानदार उगीच गळ्यांत बांधतात. आई म्हणते, घेऊन टाक एकदांचें." प्रश्न दिसावयास लहान, परंतु 'होय' किंवा 'नाहीं' अशा एका शब्दानें त्याचें उत्तर आम्हांस देतां येईना. "उद्यां सॅक घेऊन ये, मग पाहूं," असें सांगून आम्हीं त्याची बोळवण केली. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत सांगावयास बसलों, तों घंटा झाली आणि अर्धें सांगावयाचें राहून गेलें. तें सर्व येथें सविस्तर लिहीत आहों. ज्यांच्या खिशांतून या वस्तूंचे पैसे जावयाचे, त्या पालकांनींहि तें वाचावें अशी आमची विनंति आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करूं. मुलें जिला सॅक म्हणतात तिला आम्ही या लेखांत पाठपिशवी म्हणूं. आणि रेनकव्हर म्हणजे तिच्यावर पावसांत चढवावयाची जी पातळ कापडाची टोपी, तिला खोळ म्हणूं. हा शब्द आम्हीं नवा घडविलेला नाहीं. पावसांत मेंढरांमागें चालणारा धनगर घोंगडी दुमडून डोक्यावरून पाठीवर सोडतो, तिला घोंगडीची खोळच म्हणतात. कोंकणांत व मावळांत भातलावणीच्या वेळीं बायका पाठीवर इरलें घेत आल्या आहेत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानें बसविलेलीं. तें इरलें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस आजच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आधींच ठाऊक आहे. लावणी करणारी बाई कमरेंत वांकलेली असते. तिची पाठ आभाळाकडे असते. पाऊस इरल्यावर पडतो आणि दोहों बाजूंस ओघळून जातो. तीच बाई इरलें घेऊन बांधावरून सोसाट्याच्या वाऱ्यांत उभी चालूं लागली, कीं तें एका हातानें धरून ठेवावें लागतें, आणि पदर, पोटऱ्या, सारें भिजतें. खोळ हें पिशवीचें इरलें आहे. पिशवी कोठें आणि कशी चालणार, हें पाहिल्यावांचून तिचा उपयोग सांगतां येत नाहीं.

आतां आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं जुलै महिन्यांत आम्ही विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन लोणावळ्याहून राजमाचीस पायीं गेलों. वाट सुमारें १५ किलोमीटरांची. चढ फारसा नाहीं, पण मधें ओढे लागतात आणि उघड्यावर वारा मोकळा सुटलेला असतो. निघण्यापूर्वीं आम्हीं पालकांस पत्र पाठविलें होतें. त्यांत इतर सूचनांबरोबर, प्रत्येकाच्या पिशवीस पावसाळी खोळ असलीच पाहिजे, असें एक वाक्य घातलें होतें. स्टेशनावर पाहतों तों एका मुलाच्या पिशवीस खोळ नव्हती. पिशवीहि डोंगरावर नेण्यासारखी नव्हे. शाळेचें जुनें दप्तरच तो पाठीवर टाकून आला होता. आम्ही त्यास चार मुलांदेखत बोललों. तो खालीं मान घालून उभा राहिला. कांहीं बोलला नाहीं.

दुपारपासून पावसानें झोडपावयास सुरुवात केली. धुकें असें दाटलें, कीं पुढें चालणाऱ्याची पाठ दिसेना. दिवस मावळतांना गडाच्या पायथ्याशीं उधेवाडींत पोहोंचलों, तेव्हां कोणाच्या अंगावर सुकी अशी वस्तु राहिली नव्हती. पण त्याची आम्हांस चिंता नव्हती. कोरडे कपडे पिशव्यांत आहेत, वर खोळी आहेत, अशा भरंवशावर आम्ही होतों. एक सडपातळ मुलगा वाटेंत बराच वेळ गप्प चालत होता. त्याची खोळ सर्वांत चांगली, नवी, नारिंगी रंगाची. ती काढतांच तिच्या तळांतून तांब्याभर पाणी पडवींत सांडलें. त्या पाण्यांत पिशवीचा तळ कित्येक तास बसून होता, आणि तळाशींच त्यानें पांघरूण, स्वेटर व रात्रीचे कपडे भरले होते. पाठीकडची बाजूहि चिंब. मुलगा थडथड कांपत होता. सदऱ्याचें बटण त्याच्या बोटांना निघेना. आम्हीं एक विचारावें तर उत्तर भलतेंच येऊं लागलें.

त्या घरच्या मावशींनीं आम्हांस बाजूला सारलें. ओले कपडे आधीं काढा म्हणाल्या. काढले, पण घालावयास काय? एकामागून एक पिशव्या उघडल्या, त्यांत कोणाचे कपडे दमट, कोणाचे ओले. तेवढ्यांत खोळ नसलेला तो मुलगा आपलें दप्तर घेऊन पुढें झाला. दप्तर पिळावें इतकें भिजलें होतें. पण त्याच्या आंत जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी होती, आणि तिच्या तोंडाला पीळ देऊन, तें दुमडून सुतळीनें घट्ट बांधलें होतें. घरीं तांदूळ सर्दूं नयेत म्हणून त्याची आई जशी गांठ मारते, तशीच गांठ तिनें मुलाच्या कपड्यांस मारून दिली होती. आंतील सदरा, पायजमा, स्वेटर कपाटांतून काढल्यासारखे कोरडे निघाले. ते कांपणाऱ्या मुलाच्या अंगावर चढविले, वरून मावशींची घोंगडी दिली, गुळाचा गरम चहा पाजला. तासाभरानें तो दुसरी भाकरी मागूं लागला, तेव्हां आमच्या जिवांत जीव आला. सकाळीं ज्या मुलास आम्ही बोललों होतों, त्याची त्या रात्रीं आम्हीं सर्वांसमक्ष क्षमा मागितली. पत्रांतील तें वाक्य मात्र अजून मनांत सलतें.

ओल्या कपड्यांचें एवढें भय कां, असें कोणी म्हणेल. आपल्या डोंगरांत बर्फ पडत नाहीं हें खरें. परंतु सुका कपडा ऊब देतो तो स्वतःच्या गुणानें नव्हे, तर त्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेच्या गुणानें. कपडा भिजला, कीं त्या हवेची जागा पाणी घेतें, आणि पाण्यांतून उष्णता हवेच्या मानानें सुमारें २५ पट सहज वाहून जाते. त्यांत वारा लागला म्हणजे ओल वाळतांना अंगांतील आणखी उष्णता घेऊन जाते. यामुळें पावसाळी रात्रीं, दमलेल्या व उपाशी मुलाचें शरीर भर जुलैंतहि धोक्याच्या सीमेपर्यंत गार होऊं शकतें. अंग कांपणें, पाय अडखळणें, बोलणें जड होणें, उत्तरें चुकणें, हीं त्याचीं लक्षणें. मुलगा पेंगूं लागला व कांपणेंहि थांबलें, तर सुधारला असें समजूं नये. प्रकृति अधिक बिघडल्याची ती खूण असते, आणि वैद्यकीय मदत मिळेल तितक्या लवकर मिळविली पाहिजे. कोरडा सदरा ही डोंगरावर चैनीची वस्तु नव्हे. तो कोरडा कसा राहील, एवढाच काय तो आमच्यापुढील प्रश्न. खोळ घ्यावी कीं न घ्यावी, हा त्याचा एक पोटभाग आहे.

पाणी पिशवींत शिरतें कोठून ? आभाळांतून वरून पडणारें पाणी तेवढें आपल्या डोळ्यांपुढें असतें, आणि त्यास खोळ चांगलीच अडविते, यांत वाद नाहीं. पण पाठपिशवीची एक बाजू खोळीबाहेर राहते, व राहिलीच पाहिजे. कारण तिकडे पट्टे असतात आणि ती आपल्या पाठीस टेंकलेली असते. डोक्यावर पडलेलें पाणी मानेवरून, रेनकोटावरून ओघळत याच फटींत उतरतें. तेथें स्पंज बसविलेला असतो. तो टीपकागदासारखें पाणी पितो आणि सावकाश आंत सोडतो. शिवाय घाम. रेनकोट घालून चढण चढणाऱ्या मुलाची पाठ पावसावांचूनहि ओली होते. हें सर्व पाणी खालीं उतरून जातें कोठें ? खोळीच्या तळांत. तेथें एखादें लहान भोंक नसलें, तर खोळ ही टोपी न राहतां परात होते आणि पिशवी तींत बसते. राजमाचीस झालें तें हेंच. म्हणून ज्यांच्याजवळ खोळ आहे त्यांनीं आजच तिचा तळ पाहावा. भोंक असल्यास उत्तम. नसल्यास अगदीं खालच्या टोकास एक लहानसें पाडून घेण्यास हरकत नाहीं. चांगली वस्तु जाणूनबुजून भोसकावयास मन घेत नाहीं, हें आम्ही जाणतों.

वाऱ्याची गोष्ट निराळीच. जुन्नरजवळच्या नाणेघाटांत सातवाहनकालीन लेणें आहे, दगडी रांजण आहे, आणि पावसाळ्यांत पाहावयास मिळणारा एक चमत्कार आहे. वारा जोराचा असला म्हणजे कड्यावरून खालीं पडूं पाहणारें पाणी उलटें वर उडून माथ्यावर येतें. लोक त्यास उलटा धबधबा म्हणतात व त्याखालीं भिजावयास जातात. समुद्रावरून आलेला वारा उभ्या कड्यावर आदळतो आणि वर वळतो, त्यामुळें हें होतें. घाटमाथ्यावरून चालणाऱ्या मनुष्यास पाऊस वरूनच येईल असें मुळींच नाहीं. तो आडवा येतो आणि कड्याच्या कांठीं तर खालूनहि येतो. अशा वाऱ्यांत खोळीच्या कडेंत हवा शिरते, ती शिडासारखी फुगते, आणि आंतील रबरी नाडी सैल असली तर पाहतां पाहतां दरींत जाते. तिच्यामागें कोणीं धांवूं नये, हें येथेंच सांगून ठेवतों. दोनतीनशें रुपयांच्या कापडासाठीं कड्याकडे धांवणारा मुलगा आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे, व त्याच्या सदऱ्याची कॉलर पकडून त्यास मागें ओढलेंहि आहे.

"पण आमची सॅक वॉटरप्रूफ आहे," असें मुलें म्हणतात. या शब्दाचा थोडा इतिहास सांगण्याजोगा आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यानें १८२३ सालीं दोन कापडांच्या मधें नॅफ्थ्यांत विरघळविलेल्या रबराचा थर घालून पाणी न शिरणारें कापड करण्याचें पेटंट घेतलें. इंग्रजींत रेनकोटास पडलेलें मॅकिंटॉश हें नांव त्याचेंच. कापड उत्तम होतें, पण शिंप्यानें सुई घातली, कीं प्रत्येक टांक्याशीं एक भोंक, आणि त्यांतून पाणी आंत. दोनशें वर्षें झालीं. कापड बदललें, सुई तीच आहे. आपल्याकडे १९२० सालीं कलकत्त्यास निघालेल्या बेंगॉल वॉटरप्रूफचे 'डकबॅक' रेनकोट व दप्तरें कित्येक पालकांस आठवत असतील. तें रबरी कापड जड, पण पावसास दाद न देणारें. आजची पाठपिशवी नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची असते, आणि तिला आंतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो. लेप नवा असेतोंपर्यंत कापडांतून पाणी येत नाहीं. येतें तें शिवणींतून आणि चेनींतून. मोठ्या किंमतीच्या कांहीं पिशव्यांच्या शिवणी आंतून पट्टी चिकटवून बंद केलेल्या असतात; बहुतेकांच्या नसतात. आपली पिशवी उलटी करून शिवण पाहिली म्हणजे हें कोणासहि कळेल. लेपाचें आयुष्यहि मोजकें. पिशवी दमट माळ्यावर टाकून दिली, तर कांहीं वर्षांनीं आंतून पांढरे पापुद्रे निघूं लागतात, हाताला चिकट लागतें. मग ती पिशवी नुसती पिशवी उरली असें समजावें.

विज्ञानाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठीं येथें एक लहानसें गणित देतों. कापड पाण्यास किती दाद देत नाहीं हें मोजण्यासाठीं त्यावर पाण्याचा उभा स्तंभ चढवितात, आणि किती उंचीला थेंब पलीकडे येतात तें पाहतात. खोळीवर किंवा तंबूवर '१५०० मि. मी.' असें छापलेलें असतें, त्याचा अर्थ हा. दीड मीटर पाण्याचा भार ! आभाळांतून पडणाऱ्या थेंबाचा भार त्यापुढें कांहींच नाहीं, असें वाटेल, आणि तें बरेंचसें खरेंहि आहे. परंतु दहा मीटर उंचीच्या पाण्याचा भार प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर एक किलोग्रॅम पडतो. म्हणजे दीड मीटराचा ०.१५ किलोग्रॅम. आतां ४५ किलोग्रॅम वजनाचा एक मुलगा थकून, ओल्या गवतावर टाकलेल्या आपल्या पिशवीवर बसला. त्याच्या बैठकीचा भार समजा ३०० चौरस सेंटिमीटरांवर पडतो. ४५ भागिले ३००, किती झाले ? बरोबर ०.१५. म्हणजे तो नुसता बसला, कीं '१५००' चें कापड आपल्या मर्यादेला जाऊन पोहोंचलें. आणि पट्टा आवळण्यासाठीं त्यानें पिशवीवर गुडघा रोंवला, तर ती मर्यादा केव्हांच ओलांडली. पावसानें जें साधत नाहीं तें आपण स्वतः करतों. ओल्या जमिनीवर पिशवी आपटूं नये, तिच्यावर बसूं नये, ही सूचना आम्ही वाटेंत वीस वेळां कां करतों, हें आतां ध्यानांत येईल.

मग खोळ निरुपयोगी काय ? तसें आमचें म्हणणें नाहीं. पिशवीचें कापड, स्पंज आणि पट्टे मिळून पुष्कळ पाणी शोषतात, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम वजन. खोळीचें वजन सुमारें शंभर ग्रॅम. तिनें पिशवीच्या तोंडावरचें व बाहेरच्या कप्प्यांवरचें पाणी अडविलें, तर पाठीवरचें ओझें हलकें राहतें आणि परत आल्यावर पिशवी लवकर वाळते. चिखलापासून ती वांचविते. एस. टी. च्या डिकींत पिशवी टाकावयाची असेल, तर खोळ घालूनच टाकावी. तेथें आधीं कोणती टोपली ठेवली होती हें आपणांस ठाऊक नसतें, आणि सुक्या बोंबलांचा वास स्वेटरांतून लवकर जात नाहीं. भडक रंगाची खोळ धुक्यांत दुरून दिसते, हाहि लहानसा लाभ नव्हे; तुकडीच्या शेवटीं चालणाऱ्यास आम्ही नारिंगी किंवा पिवळी खोळ मुद्दाम देतों. उलट पक्षीं, करवंदीच्या जाळींतून वाट असली, तर कांटे ती दोन तासांत फाडतात. आणि पाण्याची बाटली काढावयाची झाली, तर भर पावसांत खोळ उतरवावी लागते, हा त्रास निराळाच.

ऐकीव मतावर न जातां प्रत्येकानें स्वतः परीक्षा करून पाहावी, हें उत्तम. त्यास खर्च नाहीं. पिशवींत जुन्या वर्तमानपत्रांचे चुरगाळलेले बोळे भरावे. तळाशीं, मध्यें, पाठीकडे व वर, असे निरनिराळे, प्रत्येकावर खूण करून. मग खोळ चढवून, पिशवी पाठीवर घेऊन, रेनकोट घालून घराच्या पागोळ्यांखालीं वीस मिनिटें फिरावें. वांकावें, वळावें, एकदां पिशवी खालीं ठेवून पुन्हां उचलावी. नुसतें उभें राहूं नये. आम्हीं शाळेंत पहिल्या खेपेस पिशवी स्टुलावर ठेवून वरून झारीनें पाणी घातलें. सगळे बोळे कोरडे, आणि मुलांनीं खोळीचा जयजयकार केला. दुसऱ्या खेपेस तीच पिशवी एका मुलाच्या पाठीवर देऊन त्यास मैदानांत पावसांत धांवावयास लावलें. तेव्हां पाठीकडचे आणि तळाचे बोळे भिजून आले. दुकानांत दाखविलेली पिशवी नेहमीं स्टुलावरच असते. तिसऱ्या खेपेस खोळ काढली आणि बोळे आंतल्या प्लास्टिकच्या पिशवींत बांधून भरले. पिशवी बाहेरून पार भिजली; आंत एकहि बोळा ओला झाला नाहीं.

त्या आंतल्या पिशवीविषयीं आतां लिहितों, कारण सर्व भिस्त तिच्यावर आहे. ती पाठपिशवीहून मोठी असावी, म्हणजे तोंडाला पीळ देण्यास जागा राहते. कपडे व पांघरूण आंत ठेवून, गुडघ्यानें दाबून हवा काढावी (हें घरीं, कोरड्या जमिनीवर). मग तोंड एकत्र करून चांगला पीळ द्यावा, तो पीळ दुमडावा आणि त्या दुमडीवर सुतळी बांधावी. नुसती सुरगांठ मारून चालत नाहीं. चुण्यांमधून पाणी वाट काढतें. २०१८ सालीं महाराष्ट्रांत प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली, आणि ती आम्हांस योग्यच वाटते. गडांवरच्या टांक्यांत तरंगणाऱ्या पिशव्या आम्हीं मुलांकडून वेंचविल्या आहेत. म्हणून चार पातळ पिशव्या घेऊन दोन वाटेंत टाकण्यापेक्षां एकच जाड पिशवी घ्यावी, परत आल्यावर धुऊन सावलींत वाळवावी, आणि ती चारदोन पावसाळे पुरवावी. जुन्या रेनकोटाच्या कापडाची पिशवी घरीं शिवण्याचा बेत असेल, तर सुईचीं भोंकें विसरूं नयेत. दुकानांत तोंड गुंडाळून बकल लावण्याच्या पिशव्या मिळतात; त्या सोयीच्या आहेत, पण घेतल्याच पाहिजेत असें नाहीं.

एक दोष या पद्धतींतहि आहे, तो लपवीत नाहीं. आंतली पिशवी कोरडें कोरडें ठेवते, तशीच ओलें ओलेंहि ठेवते. संध्याकाळीं भिजलेला सदरा तींत कोंबला, तर सकाळपर्यंत सर्व कपडे सर्दतात. ओल्या कपड्यांची जागा तिच्याबाहेर. आणि जें वाटेंत वारंवार लागतें तें तींत ठेवून उपयोग नाहीं. दर खेपेस तोंड उघडलें, कीं पाऊस आंत. शिदोरी, बॅटरी, दोरी हीं बाहेर, भिजलीं तरी चालतील अशीं. औषधें मात्र निराळ्या लहान डबींत. दम्याचें औषध पुडीच्या रूपानें ओढणारीं मुलें आमच्या शाळेंत आहेत. त्या कॅप्सूल दमट झाल्या तर आंतील पूड गोळा होते आणि ऐन वेळीं छातींत उतरत नाहीं. त्यांच्या पालकांनीं ती डबी मुलाच्या हातांत देण्यापूर्वीं तिचें झांकण घट्ट बसतें कीं नाहीं हें स्वतः पाहावें, आणि ती कोठें ठेवली आहे हें आम्हांस सांगून ठेवावें.

एवढें सांगितल्यावर निर्णय कठीण राहत नाहीं. सकाळीं जाऊन संध्याकाळीं परत यावयाचें, लोहगड किंवा सिंहगड, तर खोळीचा विचारहि करूं नये. अशा सहलीस भिजावयासाठींच जातात. पैसे व मोबाईल एका बंद पाकिटांत असले, एक कोरडा सदरा लहान पिशवींत बांधून घेतला, कीं झालें. रात्रीं मुक्काम असेल, तर आंतली पिशवी अवश्य, मग खोळ असो वा नसो. खोळ घरीं असल्यास न्यावी. वारा सुटला कीं काढून ठेवावी. तिच्यासाठीं पैसे खर्चण्यापूर्वीं पायांतले बूट पाहावे. पुण्यास वर्षांत पाऊस सातशें मिलिमीटरांच्या आसपास, तर महाबळेश्वरास साडेपांच हजारांच्या वर. शहरांत दुचाकीवरून जातांना ज्या खोळीनें दप्तर कोरडें ठेवलें, तीच तितकेंच काम घाटमाथ्यावर करील, असा हिशेब कोणीं करूं नये.

गंमत अशी, कीं डोंगरावर जी खोळ आम्हांस दुय्यम वाटते, ती शाळेच्या दप्तरास आम्ही आग्रहानें सुचवितों. दप्तरांतील पुस्तकें तासातासाला काढावीं लागतात, त्यामुळें आंतली पिशवी तेथें कोणी बांधीत नाहीं. वाट अर्ध्या तासाची, त्यामुळें तळांत पाणी सांचावयास वेळ मिळत नाहीं. आणि सायकलवर वांकून बसलेल्या मुलाची पाठ, लावणीच्या बाईप्रमाणें, आभाळाकडे असते. इरल्याचें काम खोळ तेथें चोख बजावते. अर्थात् हें वरून पडणाऱ्या पावसापुरतें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि शाळांतून घरीं निघालेलीं मुलें कमरेइतक्या पाण्यांतून चाललीं. तसल्या दिवशीं दप्तराची काळजी करावयाचीच नसते. तें टाकून द्यावें आणि मोठ्यांचा हात धरावा.

व्हरांड्यांत भेटलेल्या त्या विद्यार्थ्याचें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें सॅक आणली. वस्तु चांगली होती. आम्ही शिवणी पाहिल्या, पट्टे ओढून पाहिले, आणि मग उलटी केली. तळाशीं एक लहानशी चेन होती. "यांत काय आहे ?" म्हणून आम्हीं विचारलें. ती त्यानें कधीं उघडलीच नव्हती. उघडली, तों आंत सुपारीएवढ्या घडीची, नाडीनें पिशवीलाच बांधलेली, हिरवी कोरी खोळ ! तिच्या तळास भोंक होतें. बाबांचे पैसे वांचले आणि आईचाहि शब्द राहिला. आंतल्या पिशवीसाठीं त्यास आम्हीं बाजारांत पिटाळलें. आणि राजमाचीस जें दप्तर भिजलें होतें त्याचा मालक, जो आतां अकरावींत आहे, त्यास सुतळीची गांठ शिकविण्यासाठीं वर्गांत बोलावून घेतलें.